सार्वजनिक संगणक आणि किल्लीचा अधिकार : एक ऐतिहासिक विवेचन

१

माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे अर्धनारीनटेश्वराचे प्राचीन देवालय आहे व तेथे यादवकालीन मराठी शिलालेख आहेत. शिलालेख हा सार्वजनिक लेखाचा एक आद्य प्रकार होय. तो सर्वांनी पाहावा, परंतु कोणी बदलू नये, अशी त्यामागील अपेक्षा असते. ही दुहेरी अपेक्षा पुरी करण्याचे काम तेथे दगडाच्या काठिण्यावर सोपवलेले असते. त्याच काळातील अनेक दानलेखांच्या अखेरीस दान मोडणाऱ्यास उद्देशून गाढवाची शापप्रतिमा कोरलेली आढळते. या शिळांना आपण 'गद्धेगाळ' म्हणतो. जेथे पहारेकरी ठेवणे शक्य नव्हते तेथे शापाला पहाऱ्यावर बसवण्यात आले, असे या प्रथेचे वर्णन करता येईल.

सर्वांसाठी खुली, परंतु कोणालाही बिघडवता येऊ नये, अशी वस्तू राखावी कशी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आज तोच प्रश्न ग्रंथालयातील, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील, तहसील कार्यालयाबाहेरील सेतू केंद्रातील व ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातील संगणकाच्या रूपाने आपल्यापुढे उभा आहे. हा संगणक कोणा एकाचा नसतो. दिवसभरात अनेक हात त्याच्या कळफलकावरून फिरतात. त्यांपैकी एखाद्या हाताने त्यात परकी चकती घालून यंत्र भलत्याच मार्गाने सुरू केले, किंवा प्रशासकाचा अधिकार बळकावला, तर त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नागरिकाची कागदपत्रे त्याच्या हाती पडू शकतात.

या धोक्याच्या निवारणाचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञांच्या भाषेत, कुलपांच्या जातींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो किल्लीच्या अधिकाराचा इतिहास म्हणून मांडण्याचे योजिले आहे. पहारा यंत्र जागे होण्यापूर्वी बसलेला असावा लागतो हे या इतिहासाचे एक सूत्र. आणि किल्ली व्यक्तीपाशी न राहता पदापाशी राहावी लागते हे दुसरे. पहिले सूत्र तंत्रज्ञांना सुमारे चार दशकांच्या अनुभवाने उमगले. दुसरे आपल्या सार्वजनिक संस्थांना अद्याप पुरते उमगलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

आरंभीच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण संगणकापर्यंत कोणी पोहोचतच नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफरॅक' हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, आणि १९६४ साली तेथे सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातील निरनिराळ्या संस्थांतील संशोधकांची गणिते त्यावर सोडवली जात. त्या काळच्या सार्वत्रिक रीतीप्रमाणे संशोधकाने छिद्रित कार्डांचा गठ्ठा द्यावा, चालकाने तो यंत्रात घालावा आणि निष्पत्ती छापील कागदावर परत मिळावी, असा क्रम असे. यंत्र कोणी सुरू करावे हा प्रश्न यंत्रशाळेच्या दाराशीच मिटलेला होता. दाराची किल्ली ज्याच्यापाशी, त्याच्यापाशीच यंत्राचा अधिकार.

एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी बसवण्याची कल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत पुढे आली. फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९६१ साली कालविभाजनाची प्रणाली दाखवण्यात आली, आणि प्रत्येक वापरकर्त्याला परवलीचा शब्द देण्याची प्रथा तिच्याबरोबर रूढ झाली. प्रत्येकाला यंत्राचा काही नेमका वेळ वाटून दिलेला असे. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला तो अपुरा वाटू लागला. त्याने परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादी छापून मिळावी अशी मागणी कार्डावर छिद्रित करून रीतसर सादर केली, आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली. संगणकाच्या इतिहासातील ही परवलीच्या शब्दांची बहुधा पहिली नोंदलेली चोरी होय. तिच्यात कोणतेही कुलूप मोडावे लागले नाही. ज्या वाटेला कोणी दार मानले नव्हते त्या वाटेने चोर आत गेला.

येथे रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आठवल्यावाचून राहत नाही. दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, पहारा चोख होता. तरीही घरी ठेवलेल्या तान्ह्या मुलाच्या ओढीने ती गवळण जो कडा कोणी वाट मानला नव्हता तो उतरून गेली. आख्यायिकेची ऐतिहासिकता काहीही असो, तिच्यातील राज्यकर्त्याची प्रतिक्रिया अर्थपूर्ण आहे. त्याने हिरकणीला शिक्षा केली नाही, तर त्या कड्यावर बुरूज बांधला. संगणकाच्या संरक्षणाचा पुढील साठ वर्षांचा इतिहास म्हणजे असे कडे सापडत जाण्याचा व तेथे बुरूज बांधले जाण्याचा इतिहास आहे.

३

सर्वांत उंच कडा वैयक्तिक संगणकाबरोबर आला. आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला, आणि यंत्रशाळेचे दार नाहीसे झाले. हे यंत्र टेबलावर असे, आणि ते चालू करणारा तोच त्याचा धनी मानला जाई.

यंत्र चालू करणे या क्रियेला 'बूट' करणे म्हणतात. बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःच स्वतःला उचलून धरावे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून हा शब्द आला आहे. तो अन्वर्थक आहे. वीज येते तेव्हा संगणकाला काहीच ठाऊक नसते. फलकावरील एका स्थायी स्मृतिकणिकेत 'बायॉस' नावाची छोटी आज्ञावली असते. ती यंत्राचे अवयव तपासते आणि मग चकत्यांकडे वळून पहिल्या ५१२ बाइटांचा मजकूर वाचते. त्या मजकुरात पुढील मोठी प्रणाली कोठे आहे ते लिहिलेले असते. अशा प्रकारे लहान आज्ञावली मोठीला उठवते व मोठी त्याहून मोठीला. परवलीचा शब्द विचारणारी प्रणाली या साखळीच्या अगदी शेवटी जागी होते. म्हणजेच पहारेकरी उठण्यापूर्वी किल्ल्याचे सारे दरवाजे उघडून झालेले असतात. त्या आधीच्या काही क्षणांत जो कोणी साखळीची एक कडी बदलील, त्याला पहारेकऱ्याशी गाठ पडण्याचे कारणच उरत नाही.

या यंत्रांत प्रथम फ्लॉपी व नंतर हार्ड डिस्क असा शोधाचा क्रम असे. खणात परकी फ्लॉपी असली की यंत्र मुकाट्याने तिच्या आज्ञेत जाई. १९८६ साली लाहोर येथे लिहिल्या गेलेल्या 'ब्रेन' या विषाणूने हीच वाट धरली. तो फ्लॉपीच्या आरंभखंडात राही, आणि खणात विसरलेल्या चकतीवरून यंत्र सुरू झाले की स्मृतीत शिरे. अनधिकृत बूट हे नेहमी कोणा हेतुपूर्वक कृती करणाऱ्या माणसाचेच काम असते असे नाही. अनेकदा ते निव्वळ विस्मरणाने घडते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते. जेथे यंत्रे सामायिक आणि फ्लॉप्या हातोहात फिरणाऱ्या असत तेथे असा संसर्ग पसरण्यास सर्वांत अनुकूल भूमी मिळे.

उत्पादकांनी उपाय योजले नाहीत असे नव्हे. १९८४ सालच्या आय.बी.एम. पी.सी. ए.टी. या यंत्राच्या दर्शनी भागावर खरेखुरे कुलूप होते. ते लावले की कळफलक निकामी होई व पेटीचे झाकणही उघडत नसे. १९८७ सालच्या पी.एस. २ मालिकेत वीज येताच परवलीचा शब्द विचारण्याची सोय आली. पुढे बायॉसच्या मांडणीलाच परवलीचा शब्द लावण्याची व बूटचा क्रम बांधून टाकण्याची सोय सर्वत्र झाली. परंतु हा शब्द ज्या स्मृतीत साठवला जाई ती एका छोट्या बॅटरीवर जगे. पेटी उघडून बॅटरी काढली, किंवा फलकावरील एक खुंटी हलवली, की बहुतेक यंत्रांत तो शब्द पुसला जाई. म्हणजे परवलीच्या शब्दाचे बळ अखेर पेटीच्या स्क्रूएवढेच ठरले. वरच्या थरातील कुलूप खालच्या थरातील कुलपाहून बळकट असू शकत नाही, हा नियम येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

४

महाराष्ट्रात संगणक सार्वजनिक जागेत आला तो नेमका या दुबळ्या कुलपांच्या काळात. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, आणि नंतरच्या काही वर्षांत शहरांत व तालुक्याच्या गावी सायबर कॅफे उघडले. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी वारणा येथील सहकारी समूहाच्या आधारे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकाला आपल्या उसाची नोंद, वजन व देयके गावातच कळावीत असा त्याचा एक प्रमुख उपयोग होता. माळशिरससारख्या ऊस पिकवणाऱ्या तालुक्यातील वाचकाला या उपयोगाचे मोल सांगावयास नको. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमाच्या निमित्ताने राज्यभरातील अध्ययन केंद्रांत लक्षावधी माणसांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला. तो सामायिक संगणक होता.

या काळातील प्रचलित प्रणालींकडे पाहिले असता आश्चर्य वाटते. विंडोज ९५ व ९८ यांत प्रवेशाच्या वेळी नाव व परवलीचा शब्द विचारणारी चौकट येई, पण ती रद्द करून पुढे जाता येत असे. चकतीवर कोणती फाइल कोणाची याची नोंदच नसे. 'प्रशासक' व 'सामान्य वापरकर्ता' हा भेद त्या रचनेला ठाऊकच नव्हता. हा भेद १९९३ सालच्या विंडोज एन.टी. या प्रणालीत होता, परंतु तो सामान्य बाजारपेठेत आला २००१ सालच्या विंडोज एक्स.पी.बरोबर. तेथेही स्थापनेच्या वेळी निर्माण होणारे खाते प्रशासकाच्याच अधिकाराचे असे, आणि बहुतेक ठिकाणी तेच सर्वांना वापरावयास दिले जाई. घराला दिवाणखाना व तिजोरीची खोली अशा दोन खोल्या बांधल्या. परंतु पाहुण्यांना तिजोरीच्या खोलीतच बसवले, असा हा प्रकार होता.

एन.टी. घराण्यातील प्रणालींनी अंतर्गत भिंती बळकट केल्या. पण त्या भिंती प्रणाली जागी असेपर्यंतच उभ्या असतात. क्लाउस नॉपर यांनी २००० साली प्रसृत केलेली 'नॉपिक्स' ही लिनक्स प्रणाली संपूर्णपणे सी.डी.वरून चालत असे. अशा सी.डी.वरून यंत्र सुरू केले की हार्ड डिस्कवरील प्रणाली झोपलेलीच राही, आणि तिच्या फाइली उघड्या कपाटातील वह्यांप्रमाणे समोर येत. नॉपिक्स हे बिघडलेली यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचे प्रिय साधन होते, यात वावगे काही नाही. वैद्याची सुरी व चोराची सुरी एकच असते. सुरी कोणाच्या हाती आहे हे पाहण्याची सोय मात्र यंत्रापाशी नव्हती.

या काळात दोन निराळे मार्ग पुढे आले व ते दोन्ही बोधप्रद आहेत. पहिला भिंतीचा. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथे सुगत मित्रा यांनी आपल्या संस्थेच्या भिंतीत एक संगणक बसवला, आणि वस्तीतील मुलांना तो मोकळा सोडला. पुढे या प्रयोगाचा विस्तार झाला व महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातही अशी यंत्रे बसवण्यात आली. शिक्षणशास्त्रात या प्रयोगावर पुष्कळ वाद झाले. ते येथे प्रस्तुत नाहीत. आपल्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मुलांच्या वाट्याला पडदा व बोटाने चालवण्याचे साधन एवढेच आले, आणि यंत्राचा गाभा भिंतीआड राहिला. वीज, बटण व चकतीचे खण यांपर्यंत हातच पोहोचत नसल्यामुळे बूटचा प्रश्न तेथे विटा-सिमेंटने सोडवला गेला. पडद्यावर मुलांनी हवे ते करावे इतके स्वातंत्र्य त्यांना देता आले, ते याच भिंतीमुळे.

दुसरा मार्ग विस्मृतीचा. यंत्र पुन्हा सुरू होताच ते पूर्वस्थितीला यावे आणि दिवसभरातील सारे बदल पुसले जावेत, अशी योजना करणाऱ्या आज्ञावली निघाल्या. मायक्रोसॉफ्टनेही २००५ साली सामायिक संगणकांसाठी अशी साधने दिली, २००७ साली त्यांना 'स्टेडी-स्टेट' हे नाव मिळाले आणि २०१० अखेर ती मागे घेतली गेली. ग्रंथालये व शाळा यांना हा उपाय सोयीचा होता, कारण रोज सकाळी पाटी कोरी मिळे. परंतु पाटी पुसणारी ही आज्ञावलीही बूटनंतरच जागी होते. परक्या चकतीवरून यंत्र उठवणाऱ्याला तिचाही अडसर नव्हता. पुसण्यापूर्वी कोणी काय वाचून नेले, हेही तिला सांगता येत नसे.

५

बूटच्या साखळीतील प्रत्येक कडी राखली पाहिजे, हा निष्कर्ष अशा अनुभवातून आला. त्याचे तंत्र सांगण्यापूर्वी मराठी दप्तरातील एका जुन्या रीतीकडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण तीत हीच समस्या कागदावर सोडवलेली दिसते.

शिवकालीन राजपत्राच्या शिरोभागी मुद्रा असे, आणि मजकूर संपताच मर्यादेचा लहान शिक्का असे. त्यालाच मोर्तब म्हणत. मुद्रेने पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते कळे. मोर्तबाने ते कोठे संपले ते कळे, म्हणजे मागाहून कोणाला ओळ वाढवता येत नसे. 'शिक्कामोर्तब' हा आपल्या नित्य व्यवहारातील शब्द याच जोडीतून आला. पत्र लांबले तर कागदाला कागद चिकटवला जाई, आणि त्या जोडावर मागील बाजूने शिक्का उमटवीत. असा शिक्का अर्धा एका बंदावर व अर्धा दुसऱ्या बंदावर येई. मधला एखादा बंद कोणी बदललाच, तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळत नसत. लबाडी नेहमी जोडापाशी होते, हे त्या दप्तरदारांनी नेमके ओळखले होते.

'सिक्युअर बूट' या आजच्या पद्धतीचे तत्त्व हेच आहे. जुन्या बायॉसची जागा घेणाऱ्या यू.ई.एफ.आय. या मानकात २०११ साली तिची निश्चिती झाली, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ प्रणालीबरोबर ती सर्वत्र पसरली. तीत साखळीतील प्रत्येक आज्ञावलीवर गणिती स्वाक्षरी असते. आधीची कडी पुढच्या कडीची स्वाक्षरी तपासते, आणि ती जुळली तरच तिला उठवते. मान्य स्वाक्षऱ्यांची एक यादी व बाद स्वाक्षऱ्यांची दुसरी यादी यंत्रात असते. जोडावरचा शिक्का येथे गणिताने उमटवलेला आहे. याच्या जोडीला फलकावरील टी.पी.एम. ही सुरक्षाकणिका व संपूर्ण चकतीचे कूटलेखन ही दोन साधने आली. विंडोजमध्ये कूटलेखनाची ही सोय २००७ पासून 'बिटलॉकर' या नावाने आहे, आणि लिनक्समध्येही तिचे पर्याय आहेत. चकती कूटलेखित असेल तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, किंवा परक्या प्रणालीखाली उघडली, तरी किल्लीवाचून हाती काही लागत नाही.

ही रचनाही अभेद्य नाही. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनमधील वालेन्सियाच्या दोन संशोधकांनी असे दाखवले की, लिनक्सची यंत्रे उठवणाऱ्या 'ग्रब' या आज्ञावलीने परवलीचा शब्द विचारला असता मागे जाण्याची कळ २८ वेळा दाबल्यास पहारा कोसळतो. ही चूक परवलीच्या शब्दाची नव्हती. कळा मोजण्यात झालेल्या एका क्षुल्लक गफलतीची होती. जुलै २०२० मध्ये याच ग्रबमध्ये सापडलेल्या आणखी एका दोषाने सिक्युअर बूटलाच वळसा घालता येत असे, आणि २०२३ साली 'ब्लॅकलोटस' या आज्ञावलीने अद्ययावत विंडोज यंत्रांवरही ते प्रत्यक्षात करून दाखवले. जुनी, दोषयुक्त, पण रीतसर स्वाक्षरी असलेली कडी पुन्हा साखळीत घालणे, ही तिची युक्ती होती. शिक्का खराच होता. ज्या पत्रावर तो होता ते पत्र रद्द झाल्याची वार्ता मात्र यंत्रापर्यंत पोहोचली नव्हती. बाद स्वाक्षऱ्यांची यादी वेळोवेळी अद्ययावत ठेवणे हे कुलूप लावण्याइतकेच महत्त्वाचे का, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

६

आता दुसऱ्या सूत्राकडे वळू. कुलपे बळकट झाली, पण किल्ली कोणाची?

येथे भाषेचा थोडा विचार अप्रस्तुत ठरू नये. संगणकावरील सर्वाधिकारी खात्याला मराठीत आपण 'प्रशासक' म्हणतो. हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात आधीच रुजलेला आहे. नगरपालिकेची वा सहकारी संस्थेची निर्वाचित समिती नसते, तेव्हा शासन प्रशासक नेमते. महाराष्ट्रातील अनेक स्थानिक संस्था २०२२ नंतर प्रदीर्घ काळ अशा प्रशासकांच्या हाती होत्या. या प्रशासकाचा अधिकार एका आदेशाने सुरू होतो व दुसऱ्या आदेशाने संपतो. त्याच्या सहीखाली त्याचे पद लिहिलेले असते, आणि बदली झाली की तो चार्ज देऊन जातो. संगणकावरील प्रशासकाला यांपैकी एकही बंधन नसते. त्याला आदेश नसतो, मुदत नसते, आणि अनेकदा त्याचे नावही कोठे नसते. ज्याने यंत्र बसवले त्याने जो परवलीचा शब्द ठेवला तोच वर्षानुवर्षे चालतो, आणि तो माणूस निघून गेला की शब्दही त्याच्याबरोबर निघून जातो. शब्द एक असला तरी त्याचे दोन अर्थ किती दूर आहेत, हे पाहिले म्हणजे आपल्या व्यवस्थेतील उणीव कळते.

कायद्याची भाषाही येथेच अडखळते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३व्या कलमात संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याच्या प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून केलेला प्रवेश दोषास्पद ठरवला आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास ६६व्या कलमान्वये तो अपराध होतो. घरातील वा कंपनीतील यंत्राच्या बाबतीत ही व्याख्या पुरेशी आहे. परंतु ग्रामपंचायतीच्या केंद्रातील यंत्राचा प्रभारी कोण? २०११ च्या सुमारास 'संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र' अर्थात 'संग्राम' या योजनेखाली ग्रामपंचायतींत संगणक आले, पुढे त्यांची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी घेतली, आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यामुळे दाखले वेळेत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. या रचनेत जागा पंचायतीची, आज्ञावली दूरच्या यंत्रणेची, दुरुस्ती तिसऱ्याची आणि खुर्चीवर बसणारा संगणक परिचालक चौथ्याचा, अशी स्थिती संभवते. यंत्रात काही अघटित घडले तर पहिला जाब परिचालकालाच विचारला जातो. बूटचा क्रम वा प्रशासकाचा परवलीचा शब्द मात्र त्याच्या अधिकारात असतोच असे नाही. जबाबदारी एकाची व किल्ली दुसऱ्याची, ही सर्वांत धोकादायक वाटणी होय.

सायबर कॅफेंसाठी ११ एप्रिल २०११ रोजी जे केंद्रीय नियम निघाले त्यांचा भरही वापरकर्त्यावर होता. ओळखपत्र पाहावे, नोंदवही किमान एक वर्ष जपावी, कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच नसाव्यात, अशी त्यांतील प्रमुख कलमे. आत कोण बसला याची नोंद त्यांनी मागितली. परंतु यंत्र कोणत्या चकतीवरून उठले, हा प्रश्न विचारला नाही, तर नोंदवहीतील नावाला किती अर्थ उरतो, हे वाचकांनीच ठरवावे.

किल्लीची व्यवस्था कशी असावी यासंबंधी आपल्या इतिहासात एक आदर्श आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीवरून शिवकालीन गडांची जी व्यवस्था कळते, तीत हवालदार, सरनौबत व सबनीस असे तीन अधिकारी प्रत्येक गडावर असत, व त्यांनी मिळून कारभार करावा असा दंडक होता. दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराकडे, पण हिशेबाची वही सबनिसाकडे. एकाने उघडावे व दुसऱ्याने लिहावे, यामुळे एकटा कोणी गड शत्रूला देऊ शकत नसे. ही रचना कोणा एकाच्या सचोटीवर विसंबलेली नव्हती, आणि तिच्यामुळे सचोटीच्या माणसावर विनाकारण संशय येण्याचेही कारण उरत नव्हते.

किल्ली कोणाची, या प्रश्नाला आणखी एक दूरचे टोक आहे. सिक्युअर बूटमध्ये मान्य स्वाक्षऱ्यांची यादी बहुतेक यंत्रांत उत्पादकाने व मायक्रोसॉफ्टने भरलेली असते. २०११ साली निर्गमित झालेल्या त्या प्रमाणपत्रांच्या मुदती २०२६ पासून संपू लागतात, आणि नवी प्रमाणपत्रे वेळीच यंत्रांत पोहोचणे आवश्यक ठरते. त्याचप्रमाणे विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिची उत्तराधिकारी प्रणाली टी.पी.एम. नसलेल्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. ज्या शाळेत वा वाचनालयात दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रे आहेत, तेथे हा निर्णय न कळताच अंमलात आला. गडाची किल्ली गडावर नसेल, तर ती जेथे आहे तेथील घडामोडींवर लक्ष ठेवणारा कोणी तरी गडावर हवा.

७

उपर्युक्त विवेचनावरून व्यवहाराला उपयोगी असे काही निष्कर्ष काढता येतात. ते क्रमाने पाळावयाचे आहेत, कारण प्रत्येक थर त्याखालील थरावर उभा असतो.

प्रथम पेटी. ती बंद, कुलूपबंद व शक्य तर हाताच्या टप्प्याबाहेर असावी. त्यानंतर यू.ई.एफ.आय.च्या मांडणीला परवलीचा शब्द, केवळ अंतर्गत चकतीवरून बूट व सिक्युअर बूट चालू. त्यानंतर चकतीचे कूटलेखन. त्यानंतर दोन खाती : नित्य वापरासाठी अधिकारहीन, व देखभालीसाठी प्रशासकाचे. परिचालकानेही रोज पहिलेच वापरावे. शेवटी, प्रत्येक वापरकर्त्यानंतर पाटी कोरी करण्याची सोय. हा क्रम उलटा लावला, म्हणजे केवळ पाटी पुसण्यावर समाधान मानले, तर काय होते ते आपण चौथ्या भागात पाहिले.

याहून महत्त्वाचा भाग कागदाचा आहे. प्रशासकाचा व यू.ई.एफ.आय.चा परवलीचा शब्द आणि कूटलेखनाची पुनःप्राप्तीची किल्ली ही तिन्ही मोहोरबंद पाकिटात संस्थाप्रमुखाच्या ताब्यात असावीत. पाकीट उघडले तर कोणी, केव्हा व कशासाठी याची नोंद दुसऱ्या व्यक्तीने करावी, आणि चार्ज देता-घेताना शब्द बदलावेत. या उपायास पैसा लागत नाही. तो नसेल तर बळकट कुलूप हेच संकट होते. आधुनिक यंत्रांत बॅटरी काढून शब्द पुसण्याची जुनी सोय बहुधा उरलेली नाही, आणि ज्याचा शब्द कोणालाच ठाऊक नाही असे यंत्र चोराला जितके निरुपयोगी, तितकेच गावालाही निरुपयोगी. वारणेच्या प्रकल्पातही पुढे, २००६-०७ च्या सुमारास, काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशाने तेच काम करून पाहण्यात आले. त्यामागे संगणकाच्या देखभालीचा भार हे एक कारण होते. सार्वजनिक यंत्र चोरीने जितके बंद पडते, तितकेच किंवा त्याहून अधिक ते बेवारस देखभालीने बंद पडते.

एक आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. इतके निर्बंध घातल्यावर विद्यार्थ्याने यंत्र शिकावे तरी कसे? ज्याला कार्यप्रणालीचा अभ्यास करावयाचा आहे त्याला बूट करावेच लागेल, मोडावेही लागेल. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर कुलूप सैल करण्यात नाही. विद्यापीठीय विभागांनी अशा अभ्यासासाठी वेगळी, मोकळी, नागरिकांच्या कागदपत्रांशी संबंध नसलेली यंत्रे ठेवावीत. सिंधुदुर्गातील भिंतीने जे दाखवले तेच येथेही खरे आहे. सीमा योग्य ठिकाणी घातली, की तिच्या आत पूर्ण स्वातंत्र्य देता येते.

आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुते, माळशिरस व वेळापूर या मार्गाने पंढरपूरकडे जाते. पालखीचे दर्शन सर्वांना खुले असते; तिच्या मुक्कामाची, चोपदाराची व मानकऱ्यांची व्यवस्था मात्र ठरलेली असते, आणि ती सर्वांना ठाऊक असते. कोणाच्या हाती काय आहे हे उघड असल्यामुळेच ती वस्तू लक्षावधींच्या गर्दीतही सुरक्षित राहते. गावच्या सेवा केंद्रात सातबारा वा दाखला काढण्यासाठी येणारा शेतकरी आधार क्रमांक सांगतो, अंगठा उमटवतो आणि यंत्राच्या आत काय चालले आहे हे न विचारता उठून जातो. त्या यंत्राची किल्ली कोणापाशी आहे, याची नोंद त्या केंद्राच्या एखाद्या वहीत सापडावी, इतकी अपेक्षा त्याच्या वतीने करणे वावगे ठरणार नाही.